इसार मोजण्यापूर्वी

साठेखताने जमिनीचा सौदा बांधून तो पुढील खरेदीदाराकडे सोपविण्याच्या व्यवसायात मी नवखा होतो, तेव्हा सातबाऱ्यावर विक्रेत्याचे नाव दिसले की माझे समाधान होत असे; परंतु एका उताऱ्यात ‘इतर हक्क’ या रकान्याच्या तळाशी कुळकायदा कलम 43 ची नोंद आढळली, आणि कुळाने खरेदी केलेली अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने, अथवा खरेदीस 10 वर्षे लोटली असल्यास आकारणीच्या 40 पट नजराणा भरूनच हस्तांतरित होते, हे तलाठी कचेरीत उमगले. (इसार तोवर दिलेला नव्हता, हे सुदैव.) शिवाय मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 अन्वये साठेखत स्वतः मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण करीत नाही. मित्रहो, सातबाऱ्यासोबत जुने फेरफारही अवश्य वाचा.