दुसरा गाल कुणाचा?

ख्रिस्ती माणूस म्हणजे गरीब गाय, असं चर्चबाहेरचे म्हणतातच; आतल्या अनेकांनाही ते मनातून पटलेलं असतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले रेव्हरंड ना. वा. टिळक काही या साच्यात बसत नाहीत. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी उमेदीची वर्षं घातली, त्याच मिशनच्या परकी वळणावर त्यांनी बोट ठेवलं. शेवटी १९१७मध्ये तिथून बाहेर पडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभा केला. ‘गरीब गाय’ या साच्यामागे काही गैरसमज आहेत; ते एकेक पाहू.

गैरसमज: दुसरा गाल पुढे करायचा, म्हणजे अन्याय मुकाट सोसायचा.

योहानाच्या शुभवर्तमानाचा १८वा अध्याय काढून पाहा. प्रमुख याजकापुढे चौकशी चालू असताना एका शिपायाने येशूला चपराक मारली. येशूने हात उगारला नाही, पण जाब मात्र विचारला: माझं काय चुकलं ते दाखव, चुकलं नसेल तर मारलंस का? शिवाय येशूची दुसऱ्या गालाची आज्ञा आहे ती आपल्या स्वतःच्या गालाबद्दल. शेजारणीला तिचा नवरा बडवत असेल, तर तिचा गाल पुढे करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? पुष्कळ उपदेशांत नेमकी हीच मेख निसटते.

गैरसमज: दोष काढू नका, असं शास्त्रच सांगतं.

मत्तयाच्या ७व्या अध्यायातला तो उतारा अर्ध्यावरच सोडला जातो. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढायचं, ते भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढताना नीट दिसावं म्हणून. कुसळ तसंच राहू द्या, असं तिथे म्हटलेलं नाही.

गैरसमज: वडीलधाऱ्यांना विरोध म्हणजे विश्वासात खोट.

पौलाने अंत्युखियात खुद्द पेत्राला तोंडावर सुनावलं होतं. आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८८३मध्ये त्यांनी इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, असा प्रश्न निघाला आणि चर्चच्या वरिष्ठांनी नाकं मुरडली. रमाबाईंचं उत्तर बिनतोड होतं: माझ्या आईने शिकवलं, मी शिकवलं, वडिलांची किंवा नवऱ्याची हरकत नव्हती, मग इंग्रजांची का असावी? वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी तर त्यांचे पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. तरी रमाबाई जेराल्डिन यांना ‘आजीबाई’च म्हणत राहिल्या आणि लेक मनोरमा काही काळ जेराल्डिन यांच्याच देखरेखीखाली राहिली. ही पत्रं आज आपल्याला वाचता येतात, तीही जेराल्डिनबाईंनी ती जपली म्हणून. नातं तुटेल या भीतीने तोंड शिवून बसणाऱ्यांनी ती जरूर वाचावीत.

१८९७च्या प्लेगात पुण्याच्या रुग्णालयात स्त्रियांचे जे हाल झाले, त्यांवर रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहिलं. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं, गव्हर्नरने आरोप फेटाळले. सरकार आपल्याच धर्माच्या लोकांचं आहे, म्हणून काही रमाबाईंनी लेखणी आवरली नाही.

गैरसमज: खरं बोलतोय ना, मग कसंही बोललं तरी चालतं.

चालत नाही. मत्तयाच्या १८व्या अध्यायात पायऱ्या दिल्या आहेत: आधी एकट्याने जाऊन एकांतात बोला, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्या, मंडळीपुढे मांडा ते त्यानंतर. आपल्याकडे बहुधा उलट घडतं. गावभर चर्चा होते आणि ज्याची चूक, त्याच्या कानावर ती सगळ्यात शेवटी जाते.

गैरसमज: मंडळीतलं मंडळीतच मिटवावं.

रुसवेफुगवे, हिशेबातली चूक, कुणाचा तिखट शब्द, इथवर ठीक. पण त्या पायऱ्या भावाभावांतल्या अपराधासाठी आहेत, गुन्हा झाकण्यासाठी नाहीत. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. तिथे ‘क्षमा करा, विसरा’ म्हणत प्रकरण मिटवायला बसलेले वडीलधारे दयाळू नसतात, कायदा मोडत असतात. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते; संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत.