रसायनशास्त्रातील पीएच.डी. : अभ्यासक्रमाचा पहिला उंबरठा

रायपूरच्या गोल बाजारासारख्या जुन्या बाजारपेठेत किराणा मालाच्या दुकानांतून हळदपूड विकत घेतली जाते. ती शुद्ध आहे काय, हा प्रश्न गृहिणीचा. त्याचे खात्रीलायक उत्तर मात्र रसायनशास्त्रज्ञाने द्यावयाचे असते. हळदीच्या द्रावणात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यास गुलाबी रंग येतो. पाणी घातल्यावर तो नाहीसा झाला तर रंग हळदीचाच. टिकून राहिला तर मेटॅनिल यलो या निषिद्ध कृत्रिम रंगाचा संशय बळावतो. एवढी चाचणी महाविद्यालयीन विद्यार्थीही करू शकतो. परंतु भेसळीचे प्रमाण किती, तीत शिसेयुक्त लेड क्रोमेट आहे काय, हे सिद्ध करावयाचे तर नमुने किती व कसे घ्यावेत, उपकरण किमान किती अंश ओळखू शकते आणि मोजमापातील त्रुटी कशी ठरवावी, हे शिकावे लागते. एम.एस्सी. आणि संशोधन यांमधील हे अंतर भरून काढणे, हा पीएच.डी.च्या सक्तीच्या अभ्यासक्रमाचा, म्हणजेच कोर्सवर्कचा, हेतू आहे.

१९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर होती. १९६४ मध्ये रायपूर येथे पंडित रविशंकर शुक्ल यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. २००५ मध्ये शहरातील जुन्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयास राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेचा दर्जा मिळाला. विद्यापीठांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम लागू असतात; राष्ट्रीय संस्थांचे स्वतःचे नियम असल्याने विद्यार्थ्याने ते स्वतंत्रपणे पाहणे इष्ट.

आयोगाने २००९ च्या विनियमांद्वारे कोर्सवर्क अनिवार्य केले. नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनुसार ते किमान १२ श्रेयांकांचे असावे लागते. एक श्रेयांक म्हणजे सत्रातील १५ तासांचे अध्यापन. प्रयोगशाळेत त्यासाठी ३० तास द्यावे लागतात. संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता हा दोन श्रेयांकांचा विषय २०१९ च्या अखेरीस सक्तीचा झाला. रसायनशास्त्रात याखेरीज वर्णपटमापन, क्रोमॅटोग्राफी, सांख्यिकी यांसारखे विषय उपयोगी पडतात. पुष्कळ विद्यार्थी कोर्सवर्कला केवळ औपचारिकता मानतात, आणि येथेच फसगत होते. त्यात ५५ टक्के गुण मिळाले नाहीत तर संशोधन पुढे चालू ठेवता येत नाही आणि प्रबंधही सादर करता येत नाही.

प्रवेशासाठी पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के, अथवा चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण आवश्यक आहेत. राखीव प्रवर्ग, दिव्यांग व आर्थिक दुर्बल घटकांना पाच टक्के सवलत मिळते. २०१६ च्या नियमांतील शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती २०२२ मध्ये वगळण्यात आली. विद्यापीठ मात्र स्वतःची अट घालू शकते, म्हणून चौकशी आधीच करावी.

जून २०२४ पासून नेट परीक्षेत कनिष्ठ अधिछात्रवृत्ती, सहायक प्राध्यापकपद व केवळ पीएच.डी. प्रवेश अशी विभागणी आहे. अधिछात्रवृत्ती न मिळालेल्यांच्या प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असून हे गुण एक वर्षच ग्राह्य असतात. रसायनविज्ञानाची प्रश्नपत्रिका २०० गुणांची असते आणि त्यांपैकी १०० गुण विश्लेषणात्मक प्रश्नांच्या तिसऱ्या भागाला असतात. पाठांतरावर भिस्त ठेवणारे तेथेच अडखळतात.

हा भेद घरखर्चाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये असून दोन वर्षांनंतर ती ४२,००० होते. 'केवळ पीएच.डी.' श्रेणीत उत्तीर्ण होणाऱ्यास नेटच्या आधारे काहीही मिळत नाही. पदवीस किमान तीन व कमाल सहा वर्षे लागू शकतात. एवढा काळ मिळकतीविना काढणे साधारण कुटुंबास अवघड जाते. महिलांना व दिव्यांगांना कमाल मुदतीत दोन वर्षांची वाढ, तसेच महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती अथवा बालसंगोपन रजा मिळू शकते.