अंगणांतील दगडी पायवाट

घराच्या दारापासून गोठ्यापर्यंत अथवा परसांतील विहिरीपर्यंत एखादी दगडी वाट असावी, असें आपल्या मावळांतील प्रत्येक शेतकऱ्यास पावसाळ्यांत वाटतें. आणि दिवाळीनंतर चिखल वाळला म्हणजे तो विचारही वाळून जातो. ज्यांच्या घरीं अशी वाट होते, त्यांपैकीं पुष्कळांची ती दोनतीन पावसाळ्यांत खचते. दगड वाईट असतो म्हणून ती खचत नाहीं. पाण्याची सोय न पाहतां दगड मांडला जातो, म्हणून खचते.

हा धडा मीं स्वतःच्या घरीं घेतला आहे. नोकरींतून मोकळा झाल्यावर पहिल्याच वर्षीं ओटीपासून गोठ्यापर्यंत मातीवरच चपटे दगड मांडून घेतले आणि खोदाई व मुरूम यांचा खर्च वांचविला. आषाढांत वळचणीच्या पागोळ्या त्यांवर पडूं लागल्या, खालची माती मऊ झाली, दगड डगमगूं लागले, आणि एके पहांटे गोठ्याकडे जातांना आमच्या मातोश्री पडल्या. त्यांचा खुबा मोडला. त्यानंतर त्या काठीवांचून चालल्या नाहींत. वाट त्यांच्याच सोयीकरितां केली होती. पुढील वर्षीं ती सर्व उखडून पुन्हां केली. ती कशी केली तें येथें सांगतों.

१. जागेची पाहणी.— वाट आंखण्याची खरी वेळ भर पावसाची. पागोळ्या कोठें पडतात, अंगणांतील पाणी कोणीकडे वाहतें, कोठें सांचतें, हें डोक्यावर इरलें घेऊन पाहावें व तेथें खुंट्या ठोकून ठेवाव्या. काम मात्र दिवाळीनंतर काढून मृगापूर्वीं पुरें करावें. वाट पागोळ्यांपासून निदान दोन हात दूर असावी. रुंदी तीन फूट ठेवावी. म्हणजे डोक्यावर हंडा घेतलेली बाई व समोरून येणारें जनावर यांची अडचण होत नाहीं.

२. खोदाई व भराव.— आठ इंच खोल चर खणावा. वरची काळी माती भाजीच्या वाफ्यांत टाकावी. ती वायां जात नाहीं. तळ पाण्यानें शिंपून धुमसानें ठोकावा. त्यावर चार इंच जाड मुरूम दोन थरांत घालावा व प्रत्येक थर निराळा ठोकावा. एकदम चार इंच घालून वरून ठोकल्यास खालचा भाग पोकळच राहतो. मुरुमावर दीड इंच दगडाची कच पसरावी. नदीची बारीक वाळू आपल्याकडील पावसांत वाहून जाते. कच आपसांत घट्ट बसते.

हिशेब असा : तीस फूट लांब व तीन फूट रुंद वाटेचें क्षेत्र ९० चौरस फूट. चार इंच मुरुमास ३० घनफूट लागेल. परंतु तो ठोकल्यावर दबतो, म्हणून ४० घनफूट आणावा. कच सव्वाअकरा घनफूट भरते. ती १४ आणावी.

३. दगड.— आपला काळा पाषाण यास सर्वांत उत्तम. अडीच ते तीन इंच जाड, एका बाजूनें चपटा असा दगड निवडावा व वरचें अंग टांकीनें खरबरीत करून घ्यावें. गुळगुळीत शहाबादी फरशी ओटीवर शोभते. पावसांतील वाटेवर ती घात करते. स्वतःच्या शेतांतून वेंचलेला दगड घेतल्यास शेतही साफ होतें. नदीनाल्यांतील अथवा सरकारी पडींतील दगड व मुरूम हें गौण खनिज असल्यानें तहसील कचेरींत आधीं विचारून घ्यावें. तोरणा, राजगड यांच्या ढासळलेल्या तटांचा दगड तर कधींही उचलूं नये.

४. मांडणी.— प्रथम दोन्ही कडांस उभे दगड अर्धे पुरून घ्यावे. ते नसल्यास मधले दगड हळूहळू बाजूस सरकतात. दोरी व पाणसळ लावून वाटेस आडवा उतार फुटास पाव इंच द्यावा. म्हणजे तीन फुटांस पाऊण इंच. हा उतार घराच्या जोत्यापासून दूर जाणारा असावा, नाहीं तर वाट कोरडी राहून भिंत ओली होते. मोठे दगड आधीं बसवून सांध्यांत चिपा ठोकाव्या, वर कच झाडून भरावी. प्रत्येक दगडाच्या चारी कोपऱ्यांवर पाय देऊन पाहावा. जो हलेल तो उचलून पुन्हां बसवावा. जमिनीचा चढ दहा फुटांस एक फुटाहून अधिक असल्यास उतरती फरसबंदी करूं नये, पायऱ्या कराव्या. चढ सहा इंच व पावलास जागा पंधरा इंच. पाली दरवाजानें राजगड चढलेल्या माणसास पायऱ्यांचें सुख सांगावयास नको.

५. मोरी.— वाहतें पाणी वाटेस आडवें येत असेल, तर त्यास अडवूं नये. वाटेखालून नळ घालून पलीकडे काढावें. नळाच्या दोन्ही अंगांस मुरूम थोडा थोडा घालून नीट ठोकावा आणि मोरी पुरी झाल्यावांचून वरचें काम करूं नये. १२ जुलै १९६१ रोजीं आपलें पानशेतचें धरण फुटून पुण्यांत हाहाकार झाला. पाणी सोडण्याच्या मोरीचें काम अपुरें असतांनाच तलाव भरत गेला आणि मोरीवरील मातीचा भराव खचला. अंगणांतील वीतभर नळास एवढ्या मोठ्या कामाची उपमा कोणास हास्यास्पद वाटेल. परंतु पाण्याचा स्वभाव दोहोंकडे एकच आहे.

६. निगा.— पहिल्या मोठ्या पावसानंतर वाट पाहून सुटलेले सांधे पुन्हां भरावे. सावलींत शेवाळ धरतें. तें श्रावणांत निदान आठवड्यास एकदां खराट्यानें घासून काढावें.

आमची दुसरी वाट आज पांच पावसाळे टिकून आहे. मातोश्री आतां नाहींत. परंतु पहांटे अंधारांत धारेस जाणारीं घरचीं माणसें तीवरून निर्धास्त चालतात. जो खर्च वांचवावासा वाटतो, तो नेमका मातीखालच्या कामाचा असतो. आणि तोच वांचवूं नये, एवढेंच वाचकांस सांगणें आहे.