मोझांबिकला जाताय? ताप परतल्यावरही येतो

आपल्या घरांतले वेल्डर, इलेक्ट्रिशियन, इंजिनिअर आता आखाताच्याही पलीकडे जाऊ लागले आहेत. त्यात मोझांबिकचे नाव अधूनमधून ऐकू येते. तेते प्रांतातल्या कोळशाच्या खाणी, उत्तरेला काबो देलगादोतला गॅस प्रकल्प, मापुतो आणि बैरा ही बंदरे. एजंट पगाराचे सांगतो, व्हिसाचे सांगतो. तब्येतीचे विचारले तर "तिकडे मलेरिया असतो, गोळ्या घेऊन जा" एवढ्यावर विषय संपतो. कोणत्या गोळ्या, कधीपासून, किती दिवस, हे आम्ही या पानावर देत आहोत.

मोझांबिकमध्ये मलेरिया देशभर आणि वर्षभर असतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला पावसाळा, तेव्हा अधिक. आपल्याकडे बऱ्याच जणांनी पाहिलेला मलेरिया व्हायवॅक्स जातीचा असतो. थंडी वाजते, ताप येतो, गोळ्या घेऊन माणूस आठवड्यात कामावर जातो. तिथला मलेरिया जवळपास सगळा फाल्सिपेरम जातीचा आहे. उपचाराला उशीर झाला तर तो एक-दोन दिवसांत मेंदूवर, मूत्रपिंडावर जातो. "मला लहानपणी मलेरिया होऊन गेलाय, आता काही होत नाही" या भरवशावर कुणी राहू नये.

प्रतिबंधक गोळ्यांचे मुख्य पर्याय तीन. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज घ्यायची आणि परतल्यावर 7 दिवस चालू ठेवायची. चांगली, पण महाग. डॉक्सिसायक्लिन स्वस्त, तीही रोजच, मात्र परतल्यावर 4 आठवडे घ्यावी लागते. उन्हाने कातडी भाजते, म्हणून उघड्यावर काम करणाऱ्यांनी अंग झाकावे. गर्भवतींनी ती घेऊ नये. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, पण ती दोन-तीन आठवडे आधी सुरू करायची, परतल्यावर 4 आठवडे, आणि फिट येणाऱ्यांना किंवा मानसिक आजार असलेल्यांना ती चालत नाही. निवड डॉक्टरांनीच करायची. मेडिकलवाल्याने क्लोरोक्विन पुढे केली तर घेऊ नका, तिथे तिच्यावर विसंबता येत नाही. पुष्कळ जण घरी पोहोचल्या दिवशी गोळ्या बंद करतात. परतल्यानंतरचे दिवस हा त्या औषधाचाच भाग आहे.

मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. औषध लावलेली मच्छरदाणी इथूनच न्यावी, अंगाला डास पळवणारे मलम लावावे. (पंचशील घेतले, मग डास मारायचा का, असे आम्हाला गमतीने विचारले जाते. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांतला फरक बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये सांगून ठेवला आहे. शिवाय मच्छरदाणीत मारायचा प्रश्नच येत नाही.)

आता आपल्या समाजासाठी महत्त्वाची गोष्ट. विदर्भात आपल्या लोकांमध्ये सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. सिकलसेलच्या वाहकाला मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते, हे शास्त्राने सिद्ध आहे. त्यातून "मी वाहक आहे, मला गोळ्या कशाला" असा समज होतो. ते संरक्षण अर्धवट असते. वाहकालाही मलेरिया होतो, म्हणून गोळ्या त्यानेही घ्यायच्याच. ज्याला प्रत्यक्ष सिकलसेल आजार आहे, त्याच्यासाठी तर हा ताप जास्तच घातक. मलेरियाने वेदनेचा झटका येऊ शकतो, रक्त झपाट्याने कमी होते. अशा व्यक्तीने आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करारावर सही करू नये. गेलीच तर हायड्रॉक्सीयुरियाचा पूर्ण मुदतीचा साठा, न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या लसी, आणि सिकलसेलचे कार्ड सोबत हवे. विमानातही पाणी पीत राहावे. तपासणीच झाली नसेल तर निघण्याआधी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती होते.

पीतज्वराच्या लसीचा गोंधळ वेगळाच. मोझांबिक पीतज्वराच्या देशांत मोडत नाही, पण मुंबईहून जाताना बऱ्याचदा अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलावे लागते, आणि इथिओपिया व केनिया त्या यादीत आहेत. तिथे 12 तासांहून जास्त थांबलात तर मोझांबिकमध्ये प्रमाणपत्र मागतात. येताना त्या देशात विमानतळाबाहेर पडलात आणि पिवळे कार्ड नसले, तर भारतात 6 दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात. लस एकदाच, आयुष्यभरासाठी. प्रमाणपत्र मात्र दहाव्या दिवसापासून लागू होते. ती ठरावीक केंद्रांवरच मिळते. मुंबईत बंदर आणि विमानतळ आरोग्य कार्यालयांकडे. साठी ओलांडलेल्यांनी आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

पाणी उकळून किंवा सीलबंद बाटलीतले. कॉलरा तिथे वारंवार येतो. 2019 च्या इदाई वादळानंतर बैरामध्ये आला होता, 2023 मध्ये फ्रेडी वादळानंतरही आला. एप्रिल 2024 मध्ये मोझांबिक बेटाजवळ खच्चून भरलेली होडी उलटून शंभरच्या आसपास माणसे गेली. कॉलऱ्याच्या अफवेने घाबरून ती पळत होती. जुलाब लागले तर ओआरएस आणि दवाखाना, दुसरे काही नाही. समुद्रात पोहायला हरकत नाही, नदी-तळ्यात उतरू नये: गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंपासून शिस्टोसोमा हा जंत कातडीतून शरीरात शिरतो. बाहेर वाळवलेल्या कपड्यांवर एक माशी अंडी घालते आणि अळी कातडीत घुसते, म्हणून कपड्यांना, आतल्यांनासुद्धा, दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करावी.

एक गोष्ट घरात बोलली जात नाही, म्हणून इथे लिहितो. मोझांबिकमध्ये साधारण आठ प्रौढांमागे एकाला एचआयव्हीची लागण आहे. दोन-दोन वर्षे एकटा राहणाऱ्या माणसाच्या सामानात निरोध असावा. धोका घडलाच तर 72 तासांच्या आत प्रतिबंधक गोळ्या सुरू करता येतात. जितक्या लवकर, तितके चांगले. लाजेपायी ते तास घालवू नयेत.

तिथे ताप आला तर त्याच दिवशी रक्ततपासणी करावी. भाषा पोर्तुगीज. चावी, बटाटा, पाव हे आपले शब्द तिकडचेच, त्यामुळे बाजारात निभावते, दवाखान्यात नाही. "तेन्यु फेब्रे" म्हणजे मला ताप आहे. "केरु फझेर तेश्ते दे मलारिया" म्हणजे मलेरियाची तपासणी करायची आहे. मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

परतल्यावर ताप आला, की इथले डॉक्टर व्हायरल किंवा डेंग्यू समजून औषध देतात, कारण रुग्ण कुठून आला हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. फाल्सिपेरम बहुधा महिन्याभरात डोके वर काढतो, पण तीन महिन्यांनी, क्वचित त्यानंतरही येऊ शकतो. गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरीही. दवाखान्यात शिरताच पहिले वाक्य असे बोला: "मी मोझांबिकहून आलोय, मलेरियाचे रक्त आजच तपासा." पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा करायची. देशाचे नाव सांगणे औषधासाठीही गरजेचे आहे, कारण आपल्याकडे वापरात असलेले सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन तिकडच्या जंतूवर भरवशाचे नाही. ताप चढला की रुग्णाला स्वतःला बोलायचे सुचत नाही. म्हणून हे वाक्य आई-वडिलांना, पत्नीला पाठ असू द्या.