नकाराची फुली

विषय संगणकाचा आणि लिहिणारे कामगार चळवळीतले, हे पाहून काही वाचकांच्या भुवया वर जातील. संगणकशास्त्र आम्ही कोणत्याही कॉलेजात शिकलो नाही. जे काही कळते ते लोकांना विचारून आणि पुस्तके चाळून. परंतु ज्या गाऱ्हाण्याविषयी येथे सांगावयाचे आहे, त्यात यंत्र थोडे आणि करार फार आहे; आणि करारांतली बारीक अक्षरे वाचण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत. गाऱ्हाणे असे: पैसे मोजून घेतलेला, आपल्या टेबलावर असलेला संगणक एके दिवशी सकाळी उघडावा, तर तो कालचा राहिलेला नसतो. रात्रीतून त्याची ऑपरेटिंग सिस्टिम कोणी तरी दुरून बदलून टाकलेली असते. मालकाला विचारलेले नसते. किंवा विचारले असले तरी अशा रीतीने, की 'नाही' म्हणावयास जागा सापडू नये.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे आधी पाहू. जुन्या कापडगिरणीत छताखालून एक लांब शाफ्ट फिरत असे. त्यावरून पट्टे उतरत आणि खालचा प्रत्येक माग त्या पट्ट्याच्या जोरावर चाले. मागावाल्याला शाफ्टशी एरवी कर्तव्य नसे. पण शाफ्टची गती बिघडली की खालचे सगळे माग बिघडत. संगणकात ऑपरेटिंग सिस्टिमचे काम याच जातीचे. पत्र टंकणारा, हिशेब मांडणारा, पुस्तकाची पाने लावणारा असे निरनिराळे प्रोग्रॅम तिच्या आधाराने चालतात. प्रिंटर आणि स्कॅनरही तिच्याच मार्फत बोलतात. म्हणून तिच्यातली लहान दुरुस्ती, जिला अपडेट म्हणतात, ती वेगळी; आणि एक सिस्टिम काढून तिच्या जागी दुसरी बसविणे, ज्याला अपग्रेड म्हणतात, ते वेगळे. पट्ट्याला टाका घालणे आणि शाफ्टच बदलणे यांत जेवढे अंतर, तेवढे हे अंतर आहे. पुढील सारा घोटाळा हे अंतर पुसून टाकल्यामुळे झाला.

या प्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज १० चे. ही सिस्टिम २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली. विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांना ती वर्षभर, म्हणजे २९ जुलै २०१६ पर्यंत, फुकट मिळावयाची होती. फुकट हा शब्द ऐकला की आम्ही आधी खिसा चाचपतो, ही आमची जुनी खोड. पण देणगी म्हणून पाहिले तर यात वावगे काही नव्हते. ज्याला हवी त्याने घ्यावी. घडले मात्र निराळे. नवी सिस्टिम येण्याच्या काही महिने आधीच जुन्या संगणकांवर अपडेट्सच्या रांगेतून एक छोटा प्रोग्रॅम उतरविण्यात आला. त्याचा क्रमांक केबी ३०३५५८३. पडद्याच्या कोपऱ्यात तो एक चिन्ह लावी आणि नव्या सिस्टिमची जाहिरात करी. कंपनीने तो पुन्हा पुन्हा नव्याने काढला, त्यामुळे एकदा घालविलेला पाहुणा परत दारात उभा राही. फेब्रुवारी २०१६ मध्ये तर खुद्द विंडोज १० लाच 'शिफारस केलेल्या' अपडेट्सच्या वर्गात घालण्यात आले. अशा अपडेट्स आपोआप घेण्याची सोय ज्यांनी चालू ठेवली होती, त्यांच्याकडे मग ती सगळी सिस्टिम आपोआप उतरू लागली.

यानंतर आली ती फुली. पडद्यावरच्या खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात वर एक फुली असते. विंडोज ९५ पासून, म्हणजे वीस वर्षे, त्या फुलीचा अर्थ एकच होता: ही खिडकी बंद कर, यातले मला काही नको. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्यालाही तो अर्थ पाठ होता. मे २०१६ मध्ये जी खिडकी लोकांपुढे येऊ लागली, तीत अपग्रेडची तारीख आणि वेळ कंपनीनेच ठरवून टाकलेली असे; आणि फुली दाबून खिडकी बंद केली तर ती तारीख तुम्हाला मान्य आहे असे धरले जाई. वेळ बदलावयाची किंवा बेत रद्द करावयाचा, तर मजकुरातल्या एका लहानशा शब्दावर टिचकी मारावी लागे. नोटीसबोर्डावरचे कागद आम्ही आयुष्यभर वाचत आलो. 'अमुक दिवसांत हरकत न आल्यास संमती आहे असे समजण्यात येईल', हे वाक्य आमच्या परिचयाचे आहे, आणि त्यातली लबाडीही. पण त्या कागदावर निदान घेतलेली हरकत ही हरकत म्हणून मोजली जाते! येथे हरकत घ्यावयास पुढे आलेल्या माणसाचाच हात धरून संमतीवर अंगठा उमटवून घेतला गेला. ओरड वाढली तेव्हा जूनच्या अखेरीस कंपनीने त्या खिडकीत 'देणगी नाकारतो' असा सरळ पर्याय घातला. मुदत संपावयास तेव्हा एक महिना उरला होता.

याची किंमत कोणी मोजली? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसॅलिटो नावाचे गाव आहे. तेथे प्रवासव्यवस्थेचा धंदा करणाऱ्या एका बाईंच्या संगणकावर हे अपग्रेड अर्धवट होऊन पडले. यंत्र रखडू लागले, बंद पडू लागले आणि धंद्याचे दिवस गेले. त्या लहान दाव्यांच्या कोर्टात गेल्या. कोर्टाने १०,००० डॉलर देवविले. कंपनीने अपील मागे घेऊन २०१६ साली ती रक्कम भरली. चूक मात्र कबूल केली नाही, पुढचा कोर्टखर्च टाळावयाचा आहे एवढेच म्हटले. जर्मनीत बाडेन-व्युर्टेंबर्ग येथील ग्राहक केंद्राने कंपनीवर दावा लावला, कारण न मागितलेल्या या सिस्टिमच्या फायली लोकांच्या संगणकावर सहा जीबीपर्यंत जागा अडवीत होत्या. आपल्याकडे २०१६ च्या पूर्वार्धात मोबाइलवरच्या एका जीबीला साधारण दोनशे-अडीचशे रुपये पडत. मोबाइलचे इंटरनेट संगणकाला जोडून काम करणाऱ्या खेड्यातल्या माणसाने सहा जीबीचा हिशेब स्वतःच करून पाहावा; फुकटच्या देणगीची हमाली त्याच्याच खिशातून जात होती.

मराठी छपाईच्या धंद्यात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. पेजमेकर या प्रोग्रॅमची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ साली निघाली. पण त्यानंतर कितीतरी वर्षे आमच्याकडचे डीटीपीवाले मराठी पाने त्याच्यावरच लावीत राहिले. फाँट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे, ते उमटविणारा प्रोग्रॅम वेगळा, आणि पुष्कळ ठिकाणी त्या प्रोग्रॅमला संगणकाच्या पाठीमागे खोचावयाचे एक लॉक. ही सगळी माळ एका ठराविक सिस्टिमवर जमवून बसविलेली असते. खालची सिस्टिम बदलली आणि नव्या सिस्टिमला ते लॉक ओळखू आले नाही, तर फाँट उघडत नाही; फाँट नाही तर पान नाही; आणि ज्याला पानावर मजुरी मिळते त्याला पान नाही तर पैसा नाही. कारखान्यात कच्चा माल नाही म्हणून कायम कामगाराला बसवून ठेवले, तर ले-ऑफची म्हणून निम्म्या पगाराची भरपाई मागण्याची सोय कायद्याने केली आहे. डीटीपीवाल्याला बसवून ठेवणारा हजारो मैलांवर असतो, आणि त्याच्या लेखी हा माणूस 'युजर' आहे.

कंपनीला एवढी घाई कशाची होती? एप्रिल २०१५ मध्ये तिने जाहीर केले होते की दोन ते तीन वर्षांत एक अब्ज यंत्रांवर विंडोज १० चालेल. आकडा जाहीर झाला की खालच्या लोकांवर कोटा येतो आणि कोटा आला की रीतभात जाते. हे आम्ही गिरणीत पाहिले, बँकांत पाहिले आणि सरकारी मोहिमांतही पाहिले. तो अब्जाचा आकडा अखेर मार्च २०२० मध्ये गाठला गेला. मधल्या काळात, डिसेंबर २०१६ मध्ये, कंपनीचे मार्केटिंग प्रमुख ख्रिस कॅपोसेला यांनी एका मुलाखतीत मान्य केले की फुलीचा अर्थ बदलला तेव्हा आपण मर्यादेबाहेर गेलो. जर्मनीतल्या दाव्यातही कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये हमी दिली की वापरणाऱ्याच्या संमतीवाचून अशा फायली उतरविणार नाही. फुकट मिळण्याची मुदत संपून तेव्हा वर्ष झाले होते.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने फिरत्या यंत्राला जाळी बसविणे सक्तीचे केले. कित्येक कामगारांना ती जाळी नको असे. हात चालत नाही, माल कमी निघतो म्हणत. आम्ही त्यांची समजूत घातली, कारण बोटे गेल्यावर हात चालण्याचा प्रश्नच उरत नाही. संगणकात सुरक्षेची अपडेट ही अशी जाळी आहे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा उपद्रव जगभर पसरला. तो ज्या छिद्रातून शिरला ते बुजविणारी अपडेट त्याच वर्षी १४ मार्चला निघालेली होती. ती न बसविल्याने इंग्लंडच्या आरोग्यसेवेतील २३६ ट्रस्टपैकी किमान ८१ ट्रस्टच्या कामात व्यत्यय आला, आणि १९,००० वर रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या असाव्यात असा अंदाज तेथील लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात होता. एका घराचे दार उघडे राहिले तर चोर सगळ्या चाळीत शिरतो. तेव्हा सक्ती मुळातच वाईट, असे आम्हांस म्हणता येत नाही.

परंतु म्हणूनच २०१५-१६ मधला प्रकार अधिक गंभीर ठरतो. ज्या दारातून जाळी यावयाची त्याच दारातून जाहिरात आणि नवा शाफ्ट आत आणला गेला. परिणाम काय व्हावयाचा तो झाला: चिडलेल्या पुष्कळ लोकांनी ते दारच बंद केले, अपडेट घेणेच सोडले. ज्या माणसाने अपडेटवरचा विश्वास गमावला त्याला आळशी किंवा अडाणी म्हणणे सोपे आहे. तो विश्वास कोणी खर्च केला हेही विचारले पाहिजे. त्यात ऑक्टोबर २०१६ पासून विंडोज ७ आणि ८.१ च्या दुरुस्त्या एकेक निवडून घेण्याची सोय गेली. महिन्याचे एकच गाठोडे मिळू लागले. घ्यावयाचे तर सगळे घ्या. विंडोज १० च्या घरगुती आवृत्तीत तर नकाराची सोय मुळातच नव्हती. बदल थोडे दिवस थांबविण्याची मुभा तिला मे २०१९ च्या आवृत्तीपासून मिळाली. आणि गाठोड्यात काय निघेल याचा नेम नव्हता. २ ऑक्टोबर २०१८ रोजी काढलेली मोठी अपडेट चारच दिवसांत थांबवावी लागली, कारण काहींच्या संगणकांवरून तिने त्यांची स्वतःची कागदपत्रेच पुसून टाकली.

कंपनीचे उत्तर असे असते की हे सर्व परवाना-करारात लिहिलेले आहे. लिहिलेले आहे खरे. विंडोज १० च्या करारात आपोआप येणाऱ्या अपडेट्स वेगळी सूचना न देता स्वीकारण्याची कबुली आहे. पण सहीच्या दिवशी दिलेली कबुली पुढच्या प्रत्येक बदलाला पुरते काय? औद्योगिक विवाद कायद्यात, १९५६ च्या दुरुस्तीने, कलम ९-अ आले. मालकाला पगार, कामाचे तास अशा नेमून दिलेल्या बाबींत बदल करावयाचा असेल तर त्याने कामगाराला एकवीस दिवसांची नोटीस दिली पाहिजे, असे ते कलम. नोकरीच्या पहिल्या दिवशी कामगाराने कसल्याही कागदावर सही केलेली असो, नोटीस द्यावीच लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. संहितेविषयी आमच्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण बदलाच्या नोटिशीचे कलम तीतही राहिले आहे. बदल करणाऱ्याने आधी सांगावे, काय बदलणार ते स्वच्छ लिहावे आणि मध्ये बोलावयास वेळ ठेवावा. संगणकाच्या बाबतीत आम्ही याहून जास्त काही मागत नाही. जाळी वेगळी द्या, शाफ्ट वेगळा द्या. आणि शाफ्टच्या बाबतीत 'नाही' हा शब्द 'हो' या शब्दाएवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा.

सक्तीला उलटी बाजूही असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच विंडोज १० चा सांभाळ संपला. पुढच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाचा सुरक्षेचा भाग आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो, म्हणून चांगले चालणारे अनेक संगणक तिच्यासाठी अपात्र ठरले. जी सिस्टिम एके काळी नको असता दारात आली, तीच राहू द्या म्हणणाऱ्याला आता ३० डॉलर भरून आणखी एक वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, सुरक्षा घ्या असे सांगण्यात आले; पैसे नको असतील तर संगणकावरची मांडणी कंपनीच्या खात्यात जमा करा. युरोपातल्या ग्राहकसंघटनांनी आवाज उठविला, तेव्हा तेथील लोकांना ती अट सोडून फुकट देण्यात आली. भारतात अट राहिली.

आपल्याकडे मागणी कशाच्या आधारावर करावी, हा प्रश्न आता पूर्वीइतका अवघड नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न', म्हणजे पडद्यावरच्या फसव्या मांडणीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीत तेरा प्रकार दिले आहेत. सारखा तगादा लावणे हा एक, नको ते करावयास भाग पाडणे हा दुसरा. आणि पडद्याच्या रचनेत ढवळाढवळ करणे या प्रकाराच्या उदाहरणांत वरच्या उजव्या कोपऱ्यातली फुली दाबल्यावर खिडकी बंद न होता भलतेच उघडणे, हे स्पष्ट लिहिले आहे. भारतात माल किंवा सेवा देणाऱ्या सर्व मंचांना या सूचना लागू आहेत, आणि ऑपरेटिंग सिस्टिम पुरविणारी कंपनी त्यांतून सुटते असे आम्हांस वाटत नाही. अशी खिडकी समोर आली तर तिला हात लावण्यापूर्वी पडद्याचे छायाचित्र घ्यावे, तारीख व वेळ टिपून ठेवावी आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. एकाच छापखान्यातल्या किंवा कचेरीतल्या चौघांच्या समोर ती आली असेल, तर चौघांनी मिळून नोंदवावी.