जैसलमेरहून लेहला बिऱ्हाड नेताना

केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या माणसास बदलीचा हुकूम नवा नाही. डाक, बँका, हवामान खाते, केंद्रीय विद्यालये, सीमाभागातील रस्त्यांची कामे अशा नाना ठिकाणी बेळगावपासून ग्वाल्हेर-इंदूरपर्यंतच्या मराठी घरांतील माणसे आहेत, आणि त्यांची बिऱ्हाडे देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत असतात. जैसलमेर किंवा बाडमेर येथे तीन-चार उन्हाळे काढलेल्या कुटुंबाच्या हाती लेहचा हुकूम पडला, की घरात पहिली चर्चा होते ती स्वेटरांची. ती चर्चा आवश्यकच आहे. परंतु ती पहिली नसावी. लेहमध्ये नव्याने येणाऱ्या कुटुंबास थंडीपेक्षाही अधिक जपावे लागते ते दोन गोष्टींना : एक, उंचीवर पोहोचल्यावर केलेली घाई, आणि दुसरी, थंडी घालविण्यासाठी बंद खोलीत पेटविलेला विस्तव.

दोन्ही वाळवंटेच

लेह हेदेखील वाळवंट आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. जैसलमेरला वर्षाकाठी २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लेहला त्याच्याही निम्मा, म्हणजे सुमारे १०० मिलिमीटर. फरक आहे तो उंचीचा. जैसलमेर समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वादोनशे मीटरवर, तर लेह सुमारे ३,५०० मीटरवर. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंश सेल्सियसवर गेला होता. लेहला जानेवारीच्या रात्री तो उणे १५ अंशांच्या आसपास उतरतो.

यामुळे मरुभूमीत राहिलेल्या गृहिणीच्या अनेक सवयी लेहमध्ये जशाच्या तशा उपयोगी पडतात. पाणी जपून वापरणे, कोरड्या हवेत ओठ व टाचा फुटू नयेत म्हणून तेल-तूप लावणे, भर उन्हात डोके झाकणे, हे तिला शिकवावे लागत नाही. केर आणि सांगरी वाळवून वर्षभर पुरविणाऱ्या प्रदेशातून आलेल्या बाईला लडाखी शेजारणीच्या घरी वाळविलेली भाजी आणि जर्दाळू पाहून आपलेपणाच वाटेल. मात्र एक सवय उलटी करावी लागते. जैसलमेरच्या घराची सारी रचना ऊन बाहेर ठेवण्यासाठी असते : जाड दगडी भिंती, अरुंद गल्ल्या, दुपारी ओढलेले पडदे. लेहमध्ये ऊन हेच सर्वांत स्वस्त इंधन होय. भाड्याचे घर पाहताना दक्षिणेकडे मोठी काचेची खिडकी असलेली खोली मिळते का, हे प्रथम पाहावे. दिवसभर पडदे उघडे ठेवावेत आणि सूर्य डोंगराआड जाताच जाड पडदे ओढून घ्यावेत. मातीच्या जाड विटांची भिंत दिवसा घेतलेली ऊब रात्री उशिरापर्यंत परत देते. सिमेंटच्या पातळ भिंतीचे नवे घर दिसावयास नीटनेटके असले तरी हिवाळ्यात त्याचा पश्चात्ताप होतो.

पहिले दोन दिवस

उष्णतेला आपले शरीर आठवडा-दोन आठवड्यांत रुळते. घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातील क्षार कमी होतो. थंडीला मात्र शरीर तितके रुळत नाही. तेथे कपडे व घर यांनीच काम करावयाचे असते. विरळ हवेला शरीर रुळते, परंतु त्यासाठी वेळ द्यावा लागतो. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासागणिक प्राणवायू तितकाच कमी मिळतो.

दिल्लीहून विमान सव्वा-दीड तासात लेहला पोहोचते. मन पोहोचते, रक्त पोहोचत नाही. म्हणून पहिले दोन दिवस संपूर्ण विश्रांती घ्यावी. सामान उचलणे, खोल्या लावणे, बाजारहाट हे सारे तिसऱ्या दिवसानंतर. कार्यालयात हजर होण्याची तारीख ठरविताना वरिष्ठांनीही हे दोन दिवस गृहीत धरावेत, असे येथे मुद्दाम सुचवावेसे वाटते. शक्य असल्यास श्रीनगरमार्गे सडकेने यावे व कारगिल येथे मुक्काम करावा. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर व कारगिल सुमारे २,७०० मीटरवर असल्याने चढ टप्प्याटप्प्याने होतो. मनालीकडील मार्गावर पाच हजार मीटरहून उंच खिंड ओलांडावी लागते. लहान मुलांसह पहिल्याच प्रवासाला तो मार्ग आम्ही सुचविणार नाही.

डोके दुखणे, मळमळणे, झोप न येणे ही पहिल्या दिवसांतील नेहमीची लक्षणे होत. परंतु पडून असतानाही धाप लागणे, खोकल्यात फेस येणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. फुप्फुसात वा मेंदूत पाणी साचत असल्याची ती चिन्हे असू शकतात, आणि अशा वेळी प्राणवायू देणे व रोग्यास खालच्या उंचीवर नेणे हेच मुख्य उपचार असतात. तान्हे मूल डोके दुखते असे सांगू शकत नाही. ते किरकिरते, दूध सोडते. गरोदर स्त्री, हृदयाचा वा फुप्फुसांचा रोगी आणि तान्हे मूल यांच्याबाबत निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणखी एक तपासणी आवर्जून करावी, ती सिकल सेलची. विदर्भ, धुळे-नंदुरबार, झाबुआ-अलीराजपूर या पट्ट्यांत हा आनुवंशिक दोष बराच आढळतो. ज्याच्या रक्तात त्याचा केवळ अंश आहे असा माणूस गावी आयुष्यभर ठणठणीत राहतो. परंतु एवढ्या उंचीवर त्याच्या प्लीहेस इजा होऊन पोटाच्या डाव्या बाजूस तीव्र कळा येऊ शकतात. १ जुलै २०२३ रोजी या रोगाच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून तिच्यात रक्ततपासणीवरच भर आहे.

बंद खोलीतील विस्तव

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पहिल्या कडाक्याच्या रात्री नवखे कुटुंब काय करते? दारे-खिडक्या गच्च लावते, फटींत चिंध्या कोंबते आणि कोळशाची शेगडी किंवा रॉकेलचा हीटर आत घेऊन झोपी जाते. कोळसा, लाकूड वा रॉकेल पुरेशा हवेशिवाय जळले की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्याच द्रव्यास हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. मग माणूस शुद्धीवर येतच नाही. ज्या ठिकाणी प्राणवायू आधीच कमी, त्या ठिकाणी हा धोका किती वाढत असेल, हे वेगळे सांगावयास नको.

येथे एक फसवी गोष्ट ध्यानात घ्यावी. या विषबाधेची पहिली लक्षणे म्हणजे डोके दुखणे, मळमळ, चक्कर आणि अंगातील गळाठा, म्हणजेच अगदी उंचीच्या त्रासाची लक्षणे. त्यामुळे “हवा विरळ आहे, होईल सवय” असे म्हणून घरातील माणसे पुन्हा त्याच खोलीत पांघरूण ओढून पडतात. लेहला येऊन दोन-तीन आठवडे झालेल्या माणसाचे डोके रोज सकाळी दुखत असेल, घरातील सर्वांचे एकाच वेळी दुखत असेल आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर उतरत असेल, तर दोष उंचीचा नसून शेगडीचा समजावा. अशा वेळी सर्वांना तत्काळ बाहेर काढून, विस्तव विझवून वैद्यकीय मदत घ्यावी.

लडाखी घरांतील बुखारीस धूर बाहेर नेणारी नळी असते. ती हिवाळ्यापूर्वी साफ करून घ्यावी. काजळीने वा बर्फाने तिचे तोंड बुजले की बुखारी आणि उघडी शेगडी यांत काही अंतर उरत नाही. झोपण्यापूर्वी विस्तव विझवावा. खिडकीची एक फट नेहमी उघडी असावी. त्याने खोली थोडी गार होईल, ती भर एका जादा रजईने काढावी. या वायूची सूचना देणारे बॅटरीवरील छोटे यंत्र मिळते. दुसऱ्या हीटरऐवजी ते विकत घेणे शहाणपणाचे. विजेवरील हीटरने हा वायू निर्माण होत नाही. २०१४ मध्ये ४५ मेगावॅटचा निमू-बाजगो प्रकल्प आणि २०१९ मध्ये श्रीनगर-लेह वीजवाहिनी झाल्यापासून विजेची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे.

कपडे, चूल व पाणी

सुती कपडा घामाने भिजला की ओलाच राहतो व अंग गारठवितो. म्हणून अंगालगत लोकरीचा वा थर्मलचा पातळ कपडा, त्यावर लोकर, आणि वर वारा न शिरणारे जाकीट, अशी तऱ्हा ठेवावी. एका जाड कोटापेक्षा हे सोयीचे. बर्फावरून उलटलेल्या उन्हाने डोळे पोळतात. मुलांना काळे चष्मे द्यावेत. मद्याने ऊब येते हा समज चुकीचा आहे. मद्याने त्वचेकडे रक्त धावते व शरीरातील उष्णता उलट बाहेर जाते.

स्वयंपाकघरात प्रेशर कुकरवाचून भागत नाही, कारण लेहमध्ये पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते आणि उघड्या पातेल्यातील डाळ शिजता शिजत नाही. कडाक्याच्या थंडीत गॅसच्या सिलिंडरचा जोर कमी होतो. म्हणून त्यास जाळ दाखविण्याचे साहस कोणीही करू नये. नळ गोठतात. पिंपात दोन दिवसांचे पाणी घरातच भरून ठेवावे, आणि या कामी वाळवंटातून आलेले बिऱ्हाड इतरांच्या पुढेच असते.

शाळांना येथे मोठी सुट्टी हिवाळ्यात असते. तेव्हा मुलांची बदली शक्यतो मे-जूनमध्ये उरकावी, म्हणजे पहिला हिवाळा येण्यापूर्वी मुलांना शाळा, शेजारी आणि “जुले” हा लडाखी नमस्कार ओळखीचा होतो.

पुढे एक-दोन वर्षांनी हेच कुटुंब लग्नकार्यासाठी मे महिन्यात राजस्थानात वा माळव्यात उतरते, तेव्हा आपण मूळचे उन्हातलेच असे त्यास वाटते. उष्णतेची ती सवय मात्र महिन्याभरातच मोडलेली असते. परतल्यावर पहिले आठ-दहा दिवस दुपारी घराबाहेर पडू नये आणि वयस्क मंडळींना पाणी वरचेवर, न मागताच, द्यावे.