भिंत पाडण्याआधी

हिंजवडीत फ्लॅटचा ताबा मिळाला, तेव्हा स्वयंपाकघर आणि हॉल यांमधली भिंत पाडायचे आम्ही ठरवले होते. ईदला सगळे पाहुणे मावावेत, एवढीच इच्छा. इंटिरियरवाल्याने लगेच होकार दिला. बिल्डरच्या इंजिनिअरने मात्र नकाशा दाखवला. ती भिंत विटांची नव्हतीच! इथल्या अनेक नव्या टॉवरप्रमाणे आमची इमारतही ‘मायवान’ पद्धतीची. यात ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात. वरच्या मजल्यांचा भार काँक्रीटच्या भिंतीच पेलतात. आमच्या हौसेपायी शेजाऱ्यांचाही जीव धोक्यात आला असता.

शिवाय 2016 च्या रेरा कायद्यानुसार ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष दिसला, तर बिल्डरने तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. आपणच तोडफोड केल्यावर तो हक्क मागणे अवघड.

भिंत राहिली. जड सोफ्याऐवजी गालिचा आणि तक्के आले. पुण्याहून किब्ला पश्चिमेच्या किंचित उत्तरेला. त्या बाजूचा कोपरा नमाजसाठी मोकळा ठेवला, अम्मींसाठी तिथे खुर्चीही मांडली. ईदला दस्तरखान अंथरला आणि अलहम्दुलिल्लाह, सगळे मावले.

घर सजवा, पण हातोड्याआधी नकाशा पाहा. शेजाऱ्याचा हक्क आपल्या सजावटीहून मोठा आहे.